शॉर्टला चार लाख व्ह्यूज, तरी वॉच टाइम जिथल्या तिथे: यूट्यूबच्या नव्या साधनांपैकी शेतीच्या चॅनेलने काय वापरावे?

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कापूस आणि तुरीविषयीचे त्यांचे यूट्यूब चॅनेल अकरा महिन्यांचे झाले असून ६४० सबस्क्रायबर आणि सुमारे ९०० तासांचा वॉच टाइम (व्हिडिओ पाहिले गेल्याचा एकूण वेळ) एवढीच मजल गाठली गेली आहे. गेल्या पोळ्याला टाकलेल्या बैलजोडीच्या एका शॉर्टला चार लाख व्ह्यूज मिळाले, पण त्यातून वॉच टाइम वाढला नाही आणि पैसाही सुरू झाला नाही. आता हाइप (प्रेक्षकांनी व्हिडिओला गुण देऊन क्रमवारीत वर चढवण्याची सोय), आपोआप होणारे डबिंग, थंबनेलची चाचणी, एआयचा आवाज अशी साधने एकामागून एक येत असताना त्यांतले कोणते घ्यावे आणि शॉर्ट्सच करत राहावे की मोठे व्हिडिओ करावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी २०१६ पासून आर्णी तालुक्यातून शेतीचे चॅनेल चालवतो आणि परिसरातील काही चॅनेलांची तांत्रिक बाजूही सांभाळतो. कोणतेही नवे साधन समोर आले की मी त्याला एकच प्रश्न विचारतो: यामुळे येणारा प्रेक्षक पुढच्या खरिपात पुन्हा माझ्याकडे येईल काय? पुढचे सारे उत्तर या एका कसोटीवर घासून लिहिले आहे.

प्रथम त्या चार लाखांचा हिशेब पाहू. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यू मोजण्याची पद्धत बदलली असून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, मग पाहणाऱ्याने पुढच्याच क्षणी बोटाने तो वर सरकवला असला तरी. जुन्या पद्धतीचा, म्हणजे प्रेक्षक खरोखर थांबल्याचा आकडा यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळण्याच्या साधनात, वेगळा दिसतो आणि कमाई व पात्रता यांसाठी तोच धरला जातो. शिवाय शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिला गेलेला वेळ जाहिरातीच्या कमाईसाठी असलेल्या चार हजार तासांच्या अटीत मोजलाच जात नाही. त्यामुळे तुमचा वॉच टाइम जागचा हलला नाही यात बिघाड काहीच नाही. दोन वेगवेगळ्या खात्यांची बेरीज होत नसते, इतकेच.

पात्रतेच्या पायऱ्या दोन आहेत. पहिल्या पायरीसाठी ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि बारा महिन्यांत ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज लागतात. ती ओलांडली की सभासदत्व, सुपर थँक्स अशा प्रेक्षकांकडून थेट येणाऱ्या पैशांचा मार्ग उघडतो. जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी मात्र १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज हवेत. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतून निर्मात्याला ५५ टक्के मिळतात, तर १ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेल्या शॉर्ट्सच्या वाटपात त्याचा वाटा ४५ टक्के असतो, आणि तोही सगळ्या शॉर्ट्सच्या एकत्र गल्ल्यातून वाटून आलेल्या रकमेवर.

तीन हजार तास म्हणजे एक लाख ऐंशी हजार मिनिटे. प्रेक्षक सरासरी तीन मिनिटे थांबत असेल तर साठ हजार वेळा मोठा व्हिडिओ पाहिला जायला हवा. घाटंजी, आर्णी, केळापूर, वणी या पट्ट्यात कापूस लावणाऱ्यांची संख्या लक्षात घेतली तर हा आकडा वर्षभरात अशक्य नाही, परंतु त्यात एक खोच आहे जी शहरातल्या चॅनेलवाल्यांना सहसा जाणवत नाही. बारा महिन्यांची ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. आपला प्रेक्षक जुलै ते ऑक्टोबर या काळात तुटून पडतो आणि वेचणी आटोपली, कापूस गाडीत भरला की नाहीसा होतो. म्हणजे गेल्या ऑगस्टमध्ये मिळालेले तास या ऑगस्टमध्ये खात्यातून वजा होऊ लागतात, आणि नवे तास त्याच महिन्यात तेवढेच आले नाहीत तर आकडा वाढण्याऐवजी घटतो. माझ्या ओळखीचे एक चॅनेल २,८०० तासांवरून पुन्हा १,९०० वर आले तेव्हा चालकाला वाटले की कोणीतरी तक्रार केली. प्रत्यक्षात त्याने त्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात घरच्या लग्नामुळे दीड महिना एकही व्हिडिओ टाकला नव्हता.

म्हणून शॉर्ट की मोठा व्हिडिओ असा प्रश्न मी करत नाही, शॉर्टला मोठ्या व्हिडिओचा दरवाजा करतो. बैलजोडीचा शॉर्ट पाहणारे चार लाख लोक बैल पाहायला आले होते. त्यांतले बहुसंख्य कधीच पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात उतरलेले नसतील, आणि उतरलेले असतील त्यांना त्या शॉर्टमधून तुमच्या कापसाच्या व्हिडिओकडे जायला वाट ठेवलेली नव्हती. ऑगस्ट २०२३ अखेरपासून शॉर्टच्या वर्णनातल्या आणि प्रतिक्रियांतल्या लिंकवर टिचकी मारता येत नाही. त्याऐवजी स्टुडिओत शॉर्टच्या तपशिलात ‘संबंधित व्हिडिओ’ निवडण्याची सोय दिली आहे, आणि निवडलेला व्हिडिओ शॉर्टवरच दिसतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आलेल्या साधनांपैकी गावाकडच्या चॅनेलला सर्वांत उपयोगी हेच, आणि बहुतेकांनी ते उघडूनही पाहिलेले नसते. ती चौकट दिसत नसेल तर सेटिंगमध्ये चॅनेलच्या सुविधांची पात्रता तपासा. फोन क्रमांकाच्या पडताळणीपुढची ओळख-पडताळणी राहिलेली असण्याची शक्यता आहे.

उदाहरण घेऊन सांगतो. पोळ्याच्या सुमारास जूनमध्ये लावलेली पऱ्हाटी फुलावर असते आणि गुलाबी बोंडअळीची डोमकळी दिसू लागते. अळी पाकळ्या आतून धाग्याने बांधते, फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. हे दृश्य तीस सेकंदांच्या शॉर्टसाठीच जन्मले आहे असे समजा: एका हातात उमललेले फूल, दुसऱ्या हातात डोमकळी, ती फोडून आतली अळी, आणि एक वाक्य. त्याला जोडलेला मोठा व्हिडिओ असावा मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांचा, म्हणजे सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा किती उंच बांधायचा, ल्यूर (गंधाची गोळी) कधी बदलायचा, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे का मानतात. डोमकळी पाहून थांबलेला माणूस शेतकरीच असतो, त्याला पुढची माहिती त्याच दिवशी हवी असते, आणि अशा वीस हजार व्ह्यूजमधून आलेला प्रेक्षक बैलजोडीच्या चार लाखांपेक्षा मोलाचा ठरतो. बैलांचा शॉर्ट करू नका असे मी म्हणत नाही. सण आपला आहे, जरूर करा, पण त्याला पोळ्याचाच मोठा व्हिडिओ जोडा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून उभा किंवा चौकोनी व्हिडिओ तीन मिनिटांपर्यंत शॉर्ट धरला जातो. त्यामुळे अडीच मिनिटांचा माहितीपर व्हिडिओ फोन उभा धरून केला तर तो शॉर्टच्या खात्यात जाऊन त्याचे तास बुडतात. फोन आडवा धरण्याची सवय येथे पैशाची आहे.

आता मोठ्या व्हिडिओविषयी. स्टुडिओतील प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख हे साधन नवे नाही, तरी मी नव्या साधनांच्या आधी ते उघडायला सांगतो. माझ्या सुरुवातीच्या व्हिडिओंमध्ये राम राम, चॅनेलचे नाव, गावाचे नाव, सबस्क्राइब करा, घंटी दाबा असा पाऊण मिनिटाचा नेम होता, आणि आलेखात पहिल्या अर्ध्या मिनिटातच जवळजवळ अर्धे लोक धुऱ्यावरून परत गेलेले दिसत. आता मी पहिल्याच वाक्यात रोगट पान कॅमेऱ्यासमोर धरतो आणि राम राम नंतर करतो. वडीलधाऱ्यांना ते आवडले नाही, आलेखाला आवडले.

प्रकरणे पाडण्याची सोयही अशीच दुर्लक्षित आहे. वर्णनात पहिली वेळ ००:०० लिहून किमान तीन वेळा क्रमाने दिल्या आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा ठेवला की व्हिडिओच्या पट्टीवर भाग पडतात. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा असलेला माणूस बारा मिनिटे ऐकत बसणार नाही, त्याला ‘सापळा कुठे बांधावा’ हा भाग थेट हवा असतो. अशाने वॉच टाइम घटतो असा आक्षेप मला अनेकांनी घेतला आहे. एका व्हिडिओपुरता तो खराही असेल, पण ज्याला चाळीस सेकंदांत उत्तर मिळाले तो पुढच्या आठवड्यात पांढऱ्या माशीसाठी पुन्हा तुमचेच चॅनेल शोधतो. आठ मिनिटांवरच्या व्हिडिओत मध्येच जाहिरात टाकता येते म्हणून पाच मिनिटांचा मजकूर ताणून आठ करणारे बरेच आहेत. ताणलेली तीन मिनिटे आलेखात उघडी पडतात.

थंबनेलच्या चाचणीत एका व्हिडिओला तीन थंबनेल देता येतात, ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात आणि ज्यामुळे पाहण्याच्या वेळेचा अधिक वाटा मिळाला ते विजयी ठरते. निव्वळ टिचक्या मोजल्या जात नाहीत, ही त्यातली चांगली बाजू, कारण खोटे चित्र लावून बोलावलेला माणूस लगेच परततो. परंतु ६४० सबस्क्रायबरांच्या चॅनेलवर नव्या व्हिडिओला पुरेसे लोक दिसतच नाहीत आणि चाचणी बहुधा ‘फरक नाही’ म्हणून संपते. तुम्ही ती हंगामात चालणाऱ्या जुन्या व्हिडिओवर लावा. टिचकीचे प्रमाण, म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती वेळा टिचकी पडते ते, किती असावे हे बरेच जण विचारतात: यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचे आणि व्हिडिओंचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, तेव्हा चार टक्के पाहून खचू नये.

जुन्या व्हिडिओंचा विषय निघालाच आहे तर तेथे थोडे थांबतो, कारण शेतीच्या चॅनेलची खरी पुंजी तीच. सोयाबीनवरील चक्रभुंगा दरवर्षी त्याच सुमारास येतो आणि माझा पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ दर जुलैअखेरीस आपोआप उठून बसतो. मी दर वर्षी रोहिणी नक्षत्रात, पेरणीच्या आधी, गेल्या खरिपाचे चार महिने स्टुडिओत निवडून कोणते व्हिडिओ कोणत्या आठवड्यात चढले याची यादी वहीत काढतो. मग त्यांची शीर्षके, प्रकरणे आणि वर्णन सुधारतो, बंद झालेल्या कीटकनाशकाचा उल्लेख असेल तर वर पिन केलेल्या प्रतिक्रियेत तसे स्पष्ट लिहितो, आणि शेवटच्या पडद्यावर त्या वर्षीचा नवा व्हिडिओ जोडतो. शीर्षकात ‘गर्डल बीटल’ आणि ‘चक्रभुंगा’ दोन्ही शब्द ठेवतो, कारण कृषी सेवा केंद्रातला पोरगा एक शब्द शोधतो आणि शेतकरी दुसरा. या कामाला कॅमेरा लागत नाही, आणि रात्रीच्या ओलिताच्या पाळीत मोटारीजवळ बसूनही ते होते.

एआयच्या आवाजाविषयी माझे मत कडक आहे. लिहिलेला मजकूर यंत्राकडून वाचून घ्यायचा, खाली इकडून-तिकडून उचललेली चित्रे लावायची आणि दिवसाला चार व्हिडिओ सोडायचे, असा धंदा शिकवणारे आता तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात. १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने अशा साच्यातून काढलेल्या, मोठ्या प्रमाणावर एकसारख्या तयार केलेल्या मजकुराला ‘अस्सल नसलेला मजकूर’ असे नाव देऊन त्याला कमाईस अपात्र ठरवणारा नियम स्पष्ट केला आहे. एआय वापरणे म्हणजेच अपात्र होणे असा त्याचा अर्थ नाही, पण खऱ्यासारखी दिसणारी बनावट दृश्ये असतील तर मार्च २०२४ पासून अपलोड करतानाच तसे जाहीर करावे लागते. आपल्यासाठी मुद्दा नियमाच्याही पलीकडचा आहे. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. यंत्राने लिहिलेल्या मजकुरात मिलिलिटरच्या जागी ग्रॅम झाले किंवा पंपाच्या मात्रेऐवजी एकराची मात्रा सांगितली गेली तर ती चूक प्रतिक्रियेत दुरुस्त करून भागत नाही. औषधाची मात्रा सांगताना डब्यावरचे लेबल कॅमेऱ्यात दाखवा आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस वाचून आपल्या आवाजात बोला.

डबिंगलाही हीच धास्ती लागू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपोआप डबिंगचा विस्तार जाहीर झाला तेव्हाच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. तुमच्या स्टुडिओत आज कोणत्या भाषा दिसतात ते पाहा, आणि दिसत असेल तेथे ‘प्रकाशित करण्याआधी मी तपासणार’ हा पर्याय सुरू ठेवा. व्हिडिओची भाषा मराठीच नोंदवा. अधिक प्रेक्षक मिळतील म्हणून हिंदी नोंदवणाऱ्यांच्या ‘डवरणी’ आणि ‘वखरणी’चे यंत्र काय करील याचा नेम नाही. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे एकाच व्हिडिओला दुसऱ्या भाषेतील स्वतःचा आवाज जोडण्याची सोय, जी सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संख्येने चॅनेलांना देण्यात येऊ लागली. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा, सौंसर, बैतूलकडचे शेतकरी आपल्यासारखाच कापूस आणि संत्रा घेतात. सापळ्यांचा एक व्हिडिओ तुम्ही स्वतः साध्या हिंदीत बोलून जोडला तर तो प्रेक्षक पुढच्या वर्षीही येईल.

हाइप भारतात जुलै २०२५ मध्ये आले. ५०० ते ५ लाख सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलच्या नव्या व्हिडिओला पहिल्या सात दिवसांत प्रेक्षक हाइप देऊ शकतात, एका प्रेक्षकाला आठवड्याला तीन मोफत मिळतात, आणि लहान चॅनेलला जादा गुण असतात. तुम्ही पात्र आहात. मात्र शंभर व्हिडिओंची क्रमवारी देशभराची असते, तेव्हा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज विनवण्या करून लोकांना कंटाळा आणू नका; हंगामातल्या एखाद्या महत्त्वाच्या व्हिडिओपुरते सांगा आणि विसरा. फोनवरून थेट प्रक्षेपणासाठी ५० सबस्क्रायबर पुरतात, पण वावरात नेटवर्कची एक काडी असताना ते करू नये. बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या दिवशी केले तर चालते. जुलै २०२५ पासून थेट प्रक्षेपणासाठी किमान वय १६ केले आहे, त्यामुळे पुतण्याच्या खात्यावरून लाइव्ह करण्याची युक्ती सोडा.

पोळ्याच्या व्हिडिओत एक अडचण हमखास येते: मागे डीजे वाजत असतो. यूट्यूबची कंटेंट आयडी प्रणाली त्यातले गाणे ओळखते आणि क्लेम लागतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. क्लेममध्ये बहुधा त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, तर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक लागले की चॅनेलच बंद होऊ शकते. स्टुडिओतील संपादकात ते गाणे पुसण्याची सोय आहे, पण मोठ्या आवाजाच्या डीजेवर तिचा परिणाम अर्धवट होतो. गावातल्या भजनी मंडळाची खंजिरी स्वतंत्रपणे रेकॉर्ड करून ठेवा. चाल एखाद्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी मिळती असेल तर तिलाही क्लेम येऊ शकतो, म्हणून अपलोडच्या वेळी ‘तपासणी’ची पायरी पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ खासगी ठेवावा.

शेवटी पैशाच्या कागदांविषयी, कारण तीन हजार तासांनंतरची धावपळ आधी टाळता येते. ॲडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या गूगलच्या खात्यात) १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी एक पिन साध्या टपालाने घरी येतो आणि चार महिन्यांत तो भरावा लागतो. माझे पहिले पत्र आलेच नाही, आणि दोष माझा होता: मी पत्त्यात गावाचे नाव व तालुका लिहून मुक्काम-पोस्टातले पोस्ट गाळले होते, आणि आमचे टपाल कार्यालय दुसऱ्या गावी आहे. पोस्टाचे गाव, वडिलांचे नाव आणि वस्तीची ओळख लिहा, आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. अमेरिकेच्या कराचा अर्ज न भरल्यास एकूण जागतिक कमाईच्या २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते; तो भरला की भारतातल्या माणसाची कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर १५ टक्के होते, आणि आपल्याकडे असे प्रेक्षक किती, हे तुम्हीच सांगा. रक्कम १०० डॉलरच्या वर गेली की महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान ती निघते, आणि परदेशातून येत असल्याने बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. गावाजवळच्या बऱ्याच लहान शाखांना तो नसतो. पॅन कार्डावर, बँकेच्या पासबुकावर आणि ॲडसेन्समध्ये नावाची अक्षरे एकसारखी आहेत का, एवढे या आठवड्यात पाहून घ्या, आणि त्यानंतर बैलजोडीच्या शॉर्टला पोळ्याचा मोठा व्हिडिओ जोडा.